भगत मॅडमचे दोन हंगाम

पीएच.डी.च्या कोर्सवर्कचा पहिला तास होता. कोणी आर्णीहून एसटीने आलेला, कोणी पुसदकडच्या कॉलेजातून रजा काढून आलेला, मी यवतमाळातलीच. सगळे वह्या उघडून बसलो होतो. भगत मॅडम आत आल्या. हातात भाजीची वाटावी अशी कापडी पिशवी होती. पिशवीतून त्यांनी कपाशीची पानं काढली, एकेक पान प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "काय दिसतं ते लिहा. एकच वाक्य."

प्रत्येक पानाला एक भोक होतं. आम्ही लिहिलं. त्यांनी कागद गोळा केले आणि उभ्याउभ्याच वाचले. थोड्याफार फरकाने सगळ्यांनी तेच लिहिलं होतं, पान अळीने खाल्लं आहे. एकाने तर अळीचं शास्त्रीय नावही लिहिलं होतं.

"अळी कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

आम्ही पानं उलटून पाहिली.

"कोणी पाहिली?"

मग त्यांनी पर्समधून फायलींना भोकं पाडायचा पंच काढला आणि टेबलावर ठेवला. "सकाळी चहा पिता पिता मी पाडली ही भोकं. पानाला भोक आहे, एवढंच तुम्हाला दिसत होतं. एवढंच लिहायचं. पुढचं कळलं तर पुढच्या ओळीत लिहायचं, नाही कळलं तर ओळ कोरी ठेवायची."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. तास संपला तेव्हा आमची पानं परत पिशवीत घालून घेऊन गेल्या. त्या पानांचं त्या काय करणार होत्या, ते मला आजही माहीत नाही.

आमचं संशोधन केंद्र म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि एक व्हरांडा. एका खोलीत यंत्रं, दुसऱ्या खोलीत काचेची भांडी आणि आम्ही. मॅडम बारीक अंगाच्या, सुती साडी, वर पांढरा एप्रन. एप्रनच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत दुमडलेल्या. आल्या की पहिल्यांदा घड्याळ काढून खिडकीत ठेवायच्या. भांडी धुवायला केंद्रात माणूस होता, पण त्यांचा नियम होता की ज्याचा प्रयोग त्याने धुवायचं. "दुसऱ्यानं धुतलेल्या नळीवर तुझा भरवसा कसा?" असं त्या विचारायच्या. त्याही स्वतःची भांडी धुवायच्या, आम्ही शेजारच्या नळावर आमची. त्यांच्याकडून मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्या नळावर शिकले.

मॅडमच्या दोन भाषा होत्या. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या. व्हरांड्यात डबा उघडला की वऱ्हाडी. पण व्हरांड्यातही सगळ्यांशी नाही. नवीन विद्यार्थ्याला महिनोन्‌महिने 'तुम्ही' आणि 'तुम्हाला' ऐकावं लागायचं. एखाद्या दिवशी अचानक त्या म्हणायच्या, "तुले भाकर पाह्यजे का?" की समजायचं, आपण पास झालो. मला तो 'तुले' मिळायला पहिलं वर्ष अख्खं गेलं.

कोर्सवर्कमध्ये त्यांच्याकडे संशोधन पद्धतीचा पेपर होता. बाकीचे पेपर आम्ही नोट्स पाठ करून काढायचो, तो निघायचा नाही. प्रत्येकाला एक सेमिनार द्यावा लागे. पुसदकडचा तो विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने सुरुवात केली, "असं सिद्ध झालं आहे की..."

"कोणी सिद्ध केलं?" मॅडम मागच्या बाकावरून म्हणाल्या.

"मॅडम, पुस्तकात आहे."

"पुस्तकानं वावर पेरलं होतं का?"

तो गडबडला. मॅडमनी त्याला खाली बसवलं नाही. अर्धा तास त्याच्याबरोबर उभ्या राहून त्या एका वाक्याच्या मागे मागे गेल्या. कुणाचा प्रयोग, कुठल्या मातीत, किती वेळा, कंट्रोल काय होता. कंट्रोल म्हणजे ज्या झाडाला किंवा अळीला आपण काहीच केलं नाही, नुसतं शेजारी ठेवलं, तो गट. तो ठीक नसेल तर बाकी सगळं वाया. शेवटी त्या वाक्यातून फारसं काही उरलं नाही. मुलगा रडवेला झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी घरून ठेचा आणला.

एकदा नळावर मी त्यांना विचारलं, "मॅडम, तुम्ही कशावरच विश्वास ठेवत नाही का?"

त्या चंचुपात्र घासत होत्या. म्हणाल्या, "माह्या बापाच्या बापाले गावानं जे सांगतलं थे त्यानं मानलं. पानी कुठून प्याचं, बसाचं कुठं, बोलाचं कोनाशी. माह्या बापानं मानाचं बंद केलं. छप्पनच्या दिक्षेनंतर तो शाळेत गेला, मास्तर झाला. त्यानं मले येवढंच शिकवलं, कोनी सांगतलं म्हून मानाचं नाही. सोता पाहाचं." मग पात्र उजेडाकडे धरून पाहिलं आणि परत घासायला घेतलं. हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

आमच्या बॅचमध्ये प्रवीण होता. मारेगावच्या पुढे त्याचं गाव. घरची कपाशी आणि तूर. वडील लवकर गेलेले, मोठा भाऊ सुरेश शेती पाहायचा आणि त्यानेच प्रवीणला शिकवलं होतं. प्रवीणला मॅडमनी बोंडअळीचा विषय दिला. त्या वर्षांत आमच्याकडे सगळी बीटी कपाशी होती. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष ज्या झाडाच्या अंगातच तयार होतं ते वाण. ते आलं तेव्हा लोक निर्धास्त झाले. मग काही वर्षांनी शेवटच्या वेचणीच्या बोंडांत पुन्हा गुलाबी अळी दिसायला लागली. थोडी, इकडे तिकडे. अळी त्या विषाला पचवायला शिकली आहे का, हे प्रवीणला पाहायचं होतं.

त्यासाठी वावरातून बोंडं आणायची, फोडायची, अळ्या काढायच्या, त्यांची पुढची पिढी प्रयोगशाळेत वाढवायची. काही पिल्लांना विष मिसळलेलं खाद्य, काहींना साधं. मग रोज पाहायचं, कोण जगलं.

पहिल्या हंगामात घरची आणि आजूबाजूच्या वावरांतली बोंडं सुरेशदादाच घेऊन यायचा. मोटरसायकलच्या मागे गोणी बांधून. उंच, मोठ्या आवाजाचा माणूस. पहिल्यांदा आला तेव्हा डब्यांतल्या अळ्या बघत बराच वेळ उभा राहिला. त्यांचं खाद्य, त्यांच्यासाठी लावलेलं उबेचं कपाट, सगळं पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, पोराले अळ्या पोसाले पाठवलं का बा आम्ही? तिकडं मी मारून राह्यलो, इकडं हा दूध पाजून राह्यला."

मॅडम मोठ्याने हसल्या. त्यांना असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. "दूध नाही, सोयाबीनचं पीठ आहे," त्या म्हणाल्या. आणि पहिल्याच भेटीत त्याला म्हणाल्या, "तुले भाकर पाह्यजे का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

तो भाकर खाऊन गेला. नंतर आला की बोंडांबरोबर काहीतरी आणायचा, कधी वाळकं, कधी शेंगा. मॅडम त्याला वावराबद्दल विचारत बसायच्या. त्याच्या उत्तरांनाही त्या सोडायच्या नाहीत. "अळी आली म्हणतो, तं कोन्या आठवड्यात? तू सोता पाह्यली का शेजाऱ्यानं सांगतलं?" तो म्हणायचा, "हे बाई वकील व्हाले पाह्यजे होती."

त्या हिवाळ्यात लाइट फार जायची. उबेचं कपाट थंड पडायचं. अळ्या गारठू नयेत म्हणून मॅडम डबे स्वतःच्या घरी न्यायच्या, गोधडीत गुंडाळून, कडेला गरम पाण्याच्या बाटल्या लावून. स्कूटीच्या पायरीवर डबे ठेवून त्या जपून चालवत जाताना दिसायच्या. तरीही बऱ्याच अळ्या मेल्या.

हंगाम संपला तेव्हा प्रवीण आकडे घेऊन आला. त्याचा चेहरा फुलला होता. विष खाल्लेल्या अळ्यांपैकी बऱ्याच जगल्या होत्या.

मॅडमनी कागद पाहिला. "कंट्रोल?"

"त्यातल्या पण मेल्या मॅडम. थंडीनं."

"म्हणजे साधं खाऊनही मेल्या. आणि ज्या झाडांची बोंडं आणली ती खरंच बीटी होती, हे सगळीकडे तपासलं?"

झाडात ते विष आहे की नाही हे तपासायच्या पट्ट्या मध्येच संपल्या होत्या, नव्या आल्याच नाहीत. निम्मी वावरं तपासायची राहिली होती. आणि त्या वर्षांत बाजारात खोट्या बियाण्याच्या पिशव्याही होत्या. अळी दणकट झाली होती की बियाणं खोटं होतं, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नव्हतं.

"पण मॅडम, जित्या आहेत ना अळ्या."

"हो. जित्या आहेत, असं लिही. काहून जित्या आहेत ते लिहू नको. थे तुले माहीत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा करू."

मला तेव्हा ते बरोबर वाटलं. प्रवीणलाही वाटलं. तेच तर आम्ही त्यांच्याकडे शिकत होतो.

पुढच्या पेरणीच्या आधी, उन्हाळ्यात, मारेगावला शेतकऱ्यांचा मेळावा होता. तज्ज्ञ म्हणून मॅडमना बोलावलं होतं. प्रवीण आणि मीही गेलो. मंडपात कूलर चालू होते तरी माणसं घामाघूम होती. मॅडमनी अळीचं आयुष्य समजावून सांगितलं, बोंडं कशी पाहायची ते सांगितलं. लोक ऐकत होते. मग मधल्या रांगेतून सुरेशदादा उभा राहिला.

"मॅडम, आमच्या घरच्या बोंडांतल्या अळ्या तुमच्याकडं हाय. तुमी पाह्यल्या. यंदा हे अळी बीटीले खाईन का नाही, येवढं सांगा."

मॅडमच्या हातात माइक होता. प्रवीणने माझ्या शेजारी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"एका हंगामात मी जे पाहिलं त्यावरून मला सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. वर्गातल्या भाषेत म्हणाल्या. "मला माहीत नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "मंग आल्या कायले?" लोक हसले. सुरेशदादा हसला नाही. "ठीक हाय," म्हणून बसला. त्यांच्यानंतर एका बियाणं कंपनीचा माणूस बोलला. त्याला सगळं माहीत होतं. त्याला टाळ्या पडल्या.

आम्ही जीपने परत निघालो. करंजीच्या पुढे प्रवीण म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगाचं होतं."

"मला काय वाटतं ते ऐकायला ते आले नव्हते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली. इतकी उंच की आत शिरलेला माणूस दिसायचा नाही. मग फुलं उमलेनाशी झाली, गुलाबाच्या कळीसारखी गुंडाळून राहिली. लोक त्यांना डोमकळ्या म्हणतात. डोमकळी उघडली की आत अळी. सगळीकडून बातम्या यायला लागल्या, ढाणकीकडून, आर्णीकडून, मारेगावकडून. लोक फवारायला लागले. एका औषधाने मरत नाही म्हणून दोन, दोनाने नाही म्हणून आणखी काही त्यात. पीक डोक्यावर असल्यामुळे फवारा वर धरावा लागायचा आणि तोंडावर पडायचा. उकाडा होता. फवारणारी माणसं दवाखान्यात यायला लागली. डोळ्यांना दिसेनासं झालेली, ओकारीने बेजार झालेली, भलतंच बोलणारी.

आमच्या प्रयोगशाळेत मात्र तो हंगाम नीट चालला होता. मॅडमनी इन्व्हर्टर मिळवला होता. पट्ट्या भरपूर होत्या, प्रत्येक झाड तपासून घेतलं होतं. उबेचं कपाट एकदाही थंड पडलं नाही.

एका दुपारी प्रवीणला घरून फोन आला. सुरेशदादाने सकाळपासून फवारलं होतं. जेवायला बसला तर हात थरथरून घास पडला. मारेगावला नेलं, तिथून यवतमाळला पाठवलं. प्रवीण एप्रनवरच पळाला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि मी दवाखान्यात गेलो. वॉर्ड भरला होता. जमिनीवरही गाद्या टाकलेल्या होत्या. सुरेशदादाचे हात पट्टीने खाटेला बांधले होते, कारण तो सारखा उठायला बघायचा. त्याची बायको मंगलावहिनी उशाशी बसली होती. मॅडम खाटेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "सुरेश, मी आली. भगत मॅडम."

त्याने डोळे उघडले, पण त्याला दिसत नव्हतं. तो कोणाला तरी म्हणत होता की बैल सोडा. मॅडम खाटेपासून बाजूला झाल्या. मग डॉक्टरकडे जाऊन कोणकोणती औषधं मिसळली होती ते त्याला सांगत राहिल्या. प्रवीणला माहीत नव्हतं ते त्यांनी मंगलावहिनीकडून विचारून घेतलं होतं. डॉक्टर ऐकत होता, पण त्याला पुढच्या खाटेकडे जायचं होतं.

सुरेशदादा गेला. निरोप आला तेव्हा मी केंद्रात होते. मॅडमना सांगायला आतल्या खोलीत गेले. त्या स्टुलावर बसल्या होत्या. प्रवीण नव्हता तर अळ्यांना खाद्य कोण देणार, म्हणून त्याचं काम त्या करत होत्या. बारीक ब्रशने एकेक पिल्लू उचलायचं, नव्या खाद्यावर ठेवायचं. मी सांगितलं. त्यांचा हात थांबला. ब्रशच्या टोकावर एक अळी होती, ती त्यांनी आधी डब्यात ठेवली. मग झाकण लावलं.

त्या म्हणाल्या, "कंट्रोल चांगला आहे. मेल्या नाहीत त्यातल्या."

मी जवळ गेले.

"अन् विष खाल्लेल्या पन जित्या आहेत," त्या म्हणाल्या. मग पुढचा डबा ओढला.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्या रडल्या नाहीत, मीही नाही. काय वाटत होतं असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मला आठवतो तो खोलीतल्या एक्झॉस्ट पंख्याचा आवाज. डबे संपेपर्यंत त्या काम करत राहिल्या, मग घड्याळ घालून मारेगावच्या गाडीला गेल्या. गावात त्या माणसांच्या मागे उभ्या होत्या, असं प्रवीणने नंतर सांगितलं.

प्रवीण परत आला तो डोकं भादरलेला. मॅडमनी त्याला त्याच्या डब्यांपुढे नेलं, कुठपर्यंत झालं ते सांगितलं. त्याने एप्रन घातला आणि बसला. पुढचे कित्येक आठवडे दोघं एकाच खोलीत काम करत होते. खाद्य, ब्रश, डबे, यापलीकडे बोलणं नव्हतं. मी माझ्या हळदीच्या रोपांपाशी असायचे, हळदीच्या गाठींपासून बाटलीत रोपं वाढवायचं माझं काम होतं. दोन्ही खोल्यांत इतकी शांतता असायची की भांडं ठेवलेलं ऐकू यायचं.

मग एका दुपारी आम्ही तिघं व्हरांड्यात डबा खात होतो. प्रवीणने विचारलं. रागाने नाही, पाणी मागावं तसं विचारलं. "मॅडम, त्या दिवशी मारेगावात सांगतलं असतं तर?"

मॅडमनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"तर मी खोटं बोलली असती," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "अन् थे खरं निघालं असतं."

"दादानं तुमचं ऐकलं असतं."

"हो," मॅडम म्हणाल्या.

एवढंच. प्रवीण उठून नळावर हात धुवायला गेला. मॅडमनी डबा बंद केला. तो अर्धा भरलेला होता.

त्यानंतरही त्यांनी कोर्सवर्क शिकवलं. तेच तास, तेच प्रश्न, तीच कडक तपासणी. फक्त शेवटचा भाग त्यांनी घेणं सोडलं. आपला निष्कर्ष लोकांना केव्हा आणि कसा सांगायचा, यावरचे ते तास होते. "हे तू घे," मला म्हणाल्या. मी विचारलं, "काय सांगू?" म्हणाल्या, "पुस्तकात आहे ते." त्यांच्या तोंडून मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

आणि त्या रविवारी बाहेर पडायला लागल्या. आधी यवतमाळच्या आसपास स्कूटीवर, मग एसटीने लांब. पर्समध्ये ब्लेडचं पातं आणि एक भिंग. वावराच्या धुऱ्यावर बसून बोंडं फोडायच्या, आजूबाजूच्या लोकांना बोलवायच्या. मी एकदा त्यांच्याबरोबर ढाणकीकडे गेले होते. एका बाईच्या हातावर त्यांनी फोडलेलं बोंड ठेवलं. आत गुलाबी अळी होती. म्हणाल्या, "हे मी आत्ताच तुमच्या वावरात पाह्यलं. येवढी येवढी बोंडं फोडली, येवढ्यांत निघाली. याचा अर्थ मले अजून पुरा लागला नाही. पन तुमी पाहून घ्या."

बाईने विचारलं, "मंग आमी काय कराचं?"

"फवारा वाऱ्याच्या उलट धराचा नाही. तोंड बांधून जाचं. अन् दोन औषधं एकात टाकाची नाहीत. हे मले माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं आपन दोघी मिळून पाहू."

ती बाई हसली. मॅडमनी पुढचं बोंड घेतलं. लोकांना त्यातून काय मिळालं मला सांगता येणार नाही. काहींनी ऐकलं असेल. त्या रविवारी जात राहिल्या एवढं खरं.

प्रवीणचा प्रबंध झाला. पहिल्या हंगामाचे वाया गेलेले आकडेही त्यात आहेत, वेगळ्या प्रकरणात, का वाया गेले त्याच्या कारणांसह. मॅडमनी ते प्रकरण काढू दिलं नाही. अर्पणपत्रिका भावाच्या नावाची होती. मॅडमनी ती वाचली, एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत दिली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "दुसऱ्या हंगामाचं काम उत्तम आहे. मग हे पहिलं कशाला ठेवलं?"

प्रवीण म्हणाला, "कारण सर, तेही आम्ही पाहिलं होतं."

मॅडम पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मान खाली घातली.

पदवी मिळाली, त्याला नांदेडकडे नोकरी लागली. जायच्या दिवशी तो केंद्रात आला. मॅडमना पाया पडलेलं चालायचं नाही, म्हणून त्याने हात जोडले. त्या म्हणाल्या, "जेवून जा." तो म्हणाला, "बस आहे मॅडम." आणि गेला. त्यानंतर त्याचे मला फोन यायचे. मॅडमबद्दल तो विचारायचा नाही आणि मीही आपणहून सांगायचे नाही. मॅडम निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी सत्कार नको म्हणाल्या, भांडी धुतली, जागच्या जागी लावली, आणि नेहमीच्या वेळेला घरी गेल्या.

काही वर्षांनी, हिवाळ्यात, प्रवीणचा साखरपुडा त्याच्या गावी ठरला. मला बोलावणं होतं. मी सकाळच्याच गाडीने पोचले. मंडप अजून बांधला जात होता. अंगणात पोतं अंथरून बायका बसल्या होत्या, मध्ये तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग. त्या बायकांत, मंगलावहिनीच्या शेजारी, भगत मॅडम होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्या शेंगा सोलत होत्या.

मी इतकी चकित झाले की दारातच थांबले. मंगलावहिनी उठून माझ्याकडे आली, पाणी दिलं. मी हळूच विचारलं, "मॅडमना प्रवीणनं बोलावलं?"

"त्याईले बोलवा लागत नाही," ती म्हणाली. "दरसाल येतात. शेंगा भरल्या का एक दिवस येतात. हे गेले तवापासून."

"काय बोलतात?"

"कायी नाही. माह्यासंग बसतात, सोलतात. चार वाजले का जातात." मग म्हणाली, "पयल्या साली मले राग आला होता. बोलली नाही मी पन. मंग सवय झाली."

"प्रवीणला माहीत आहे?"

"हाय ना. त्या दिवशी तो घरी असला का वावरात जाते."

तेवढ्यात प्रवीण आतून आला. नवा सदरा घातला होता. मला पाहून हसला. मग त्याची नजर अंगणाकडे गेली. त्या दिवशी तो वावरात गेला नाही. घरातून एक रिकामं टोपलं आणलं, मॅडमच्या पुढ्यातलं भरलेलं उचललं आणि रिकामं तिथे ठेवलं. मॅडमनी वर पाहिलं. तो टोपलं घेऊन आत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम भाचीकडे चंद्रपूरला राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. मला कळलं तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं पाहणं आहे ते त्या अंगणातलं. मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्यांनी माझी चौकशी केली नाही, मी का आले, कशी आहे, काही नाही. पोत्यावर थोडं सरकून जागा केली आणि शेंगांचा एक वाटा माझ्याकडे लोटला.

"बस," म्हणाल्या. "लोकं जेवाले येतीन."

मी बसले आणि सोलायला घेतलं. ऊन अंगणाच्या मध्यापर्यंत आलं होतं. दाणे टोपल्यात पडत होते, आणि मंडपवाले पलीकडे खांब रोवत होते.